साडेतीन हजारांच्या रोबोची बाजू

जळगाव-धुळ्याकडे तंत्रनिकेतनात किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रकल्पांचं प्रदर्शन भरलं, की एखाद्या टेबलावर चाकांची एक छोटी गाडी असतेच. वर पत्त्याच्या पानाएवढा रास्पबेरी पाय हा संगणक, खाली बॅटरीवर चालणाऱ्या दोन पिवळ्या बीओ मोटारी, पुढे अंतर मोजणारा दोन गोल डोळ्यांचा सेन्सर. बघणाऱ्यांपैकी कुणीतरी हमखास म्हणतो, "हे खेळणं झालं. खरं रोबोटिक्स वेगळं." म्हणणारा कधी परीक्षक असतो, कधी कारखानदार, तर कधी पालक. हे मत वाऱ्यावर सोडून देण्यासारखं नाही, कारण त्यावरून निर्णय होतात. प्रयोगशाळेसाठी काय घ्यायचं, मुलांच्या हातात काय द्यायचं आणि गुण कशाला द्यायचे, हे त्यावरूनच ठरतं. ते मत चुकीचं आहे, आणि खान्देशातल्या मुलांचं त्याने थेट नुकसान होतं.

खेळणं कशावरून ठरवायचं? प्रोसेसर किती ताकदीचा आहे, यावरून ठरवायचं असेल तर मंगळावरच्या पहिल्या फिरत्या गाडीकडे पाहावं. नासाचा सोजर्नर ४ जुलै १९९७ रोजी पाथफाइंडर यानाबरोबर मंगळावर पोचला. सहा चाकं, वजन साडेदहा किलो, आणि आत इंटेलचा ८०सी८५ प्रोसेसर, वेग दोन मेगाहर्ट्झ. आपल्याकडे ८०८५ म्हणून शिकवतात, त्याच घराण्यातला हा. या चिपचा ट्रेनर किट महाराष्ट्रातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या कित्येक तुकड्यांनी हाताळला. हेक्स कोड दाबायचे, दोन आकड्यांची बेरीज करायची, लाल आकड्यांत उत्तर पाहायचं आणि जर्नलवर सही घ्यायची. त्या किटला कुणी खेळणं म्हटलं नाही, पण त्याला चाकंही कुणी लावली नाहीत. जो प्रोसेसर दुसऱ्या ग्रहावर खडक चुकवत फिरला, तो इथल्या प्रयोगशाळेत बेरजेपुढे गेला नाही. कमी पडलं ते चिपमध्ये नव्हतं.

पुढचं उदाहरण अगदी अलीकडचं आहे. मंगळावर २०२१ मध्ये उडालेल्या इंजेन्युइटी हेलिकॉप्टरात मोबाइल फोनसाठी बनवलेला स्नॅपड्रॅगन ८०१ प्रोसेसर होता आणि त्यावर लिनक्स चालत होतं. योजना पाच उड्डाणांची होती, प्रत्यक्षात ७२ झाली. रास्पबेरी पायवर चालतं तेही लिनक्सच. नासाच्याच जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीने २०१८ मध्ये विद्यार्थ्यांना घरी बांधता येईल अशा सहा चाकी रोव्हरचे आराखडे खुले केले, आणि त्या रोव्हरचा मेंदू म्हणून रास्पबेरी पायच निवडला. मंगळावर गाड्या पाठवणाऱ्यांना हा बोर्ड शिकण्यासाठी पुरेसा वाटतो. मग इथे तो कमी दर्जाचा ठरवण्याचं कारण उरत नाही.

आता या गाडीच्या पोटात काय आहे ते पाहू, कारण टीका करणाऱ्यांनी ती सहसा उघडून पाहिलेली नसते.

पहिली अडचण विजेची येते. मुलगा बोर्ड आणि मोटारी एकाच बॅटरीवर जोडतो. चाक अडलं की मोटार एकदम जास्त करंट ओढते, व्होल्टेज खाली बसतं आणि संगणक बंद पडून पुन्हा सुरू होतो. मुलाला वाटतं प्रोग्रॅम चुकला. तो तासन्‌तास पायथनच्या ओळी तपासतो, आणि दोष असतो वायरीत. मग मोटारींना वेगळा पुरवठा द्यायचा, बोर्डला व्होल्टेज उतरवणाऱ्या बक कन्व्हर्टरमधून स्थिर पाच व्होल्ट द्यायचे, पण दोन्हींचा ग्राउंड एकच ठेवायचा, हे त्याला कळतं. एकदा असं कळलेलं माणूस जन्मभर विसरत नाही. स्टार्टिंग करंट म्हणजे काय, हे पुस्तकात चार ओळींत असतं. शेतातल्या पंपावर ते रोज घडतं, आणि इथे ते तळहातावर पाहायला मिळतं.

दुसरी अडचण सेन्सरची. एचसी-एसआर०४ हा स्वस्त सेन्सर पाच व्होल्टचा परतीचा सिग्नल देतो. रास्पबेरी पायच्या पिना ३.३ व्होल्टच्याच आहेत. थेट जोडलं तर पिन जळू शकते. एक किलोओम आणि दोन किलोओम अशा दोन रेझिस्टरांनी ते व्होल्टेज खाली आणावं लागतं. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी व्होल्टेज डिव्हायडरचं गणित सगळेच सोडवतात, पण ते कशासाठी, हे जळू शकणारी पिन समोर असली की समजतं. एल२९८एन हा मोटार ड्रायव्हरही असाच शिकवून जातो. तो स्वतःच दोनेक व्होल्ट खातो आणि तापतो. साडेसात व्होल्ट दिले तरी मोटारीला साडेपाचच का मिळतात, या प्रश्नावरून विद्यार्थी ट्रान्झिस्टरच्या आतल्या भौतिकशास्त्रापर्यंत जातो.

सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे गाडी सरळ चालवणं. एकाच पाकिटातल्या दोन बीओ मोटारी कधी सारख्या फिरत नाहीत. दोन्हींना सारखं व्होल्टेज दिलं तरी गाडी एका अंगाला जाते. चाकांवर एनकोडर बसवायचे, फेऱ्या मोजायच्या, मागे पडलेल्या चाकाला थोडं जास्त द्यायचं. जास्त दिलं की गाडी नागमोडी चालते, कमी दिलं की उशिरा सावरते. कंट्रोल सिस्टिमच्या पेपरात पीआयडी नावाचं जे समीकरण पाठ केलं जातं, ते हेच. फरशीवर तीन मीटर सरळ रेषेत गाडी नेणाऱ्या मुलीने ते समीकरण स्वतः जगलेलं असतं.

आणि खान्देशातलं ऊन. इथे हा रोबो जे शिकवतो ते, हा बोर्ड जिथे जन्मला त्या केंब्रिजमध्ये शिकवत नाही. पुढचा सेन्सर आवाजाच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजतो, आणि आवाजाचा वेग हवेच्या तापमानाबरोबर वाढतो. २० अंशांना तो सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो, ४५ अंशांना सुमारे ३५८. इंटरनेटवरून उतरवलेल्या प्रोग्रॅममध्ये ३४३ हाच आकडा धरलेला असतो. मे महिन्यात भुसावळला पत्र्याच्या शेडमध्ये तोच प्रोग्रॅम चालवला तर दोन मीटरवरची भिंत सुमारे १९२ सेंटिमीटरवर दिसते. सुमारे आठ सेंटिमीटरची चूक, आणि तीही यंत्र बिघडलेलं नसताना. ही चूक ज्याला सापडते, त्याने भौतिकशास्त्रातलं एक सूत्र आपल्या गावच्या हवेवर तपासलेलं असतं. बोर्डाचा प्रोसेसर ८० अंशांपर्यंत तापला की वेग कमी करू लागतो. २५ अंशांच्या खोलीत त्याला ५५ अंशांची मोकळीक मिळते, जळगावच्या ४५ अंशांत फक्त ३५. म्हणजे इथे पंखा आणि हीटसिंक हवेतच. लिथियमचे सेल साधारणपणे ४५ अंशांच्या वर चार्ज करू नयेत, असं बनवणारेच सांगतात. म्हणजे खान्देशात उन्हाळ्यात बॅटरी भर दुपारी नव्हे, पहाटे चार्ज करायची. या भागासाठी उद्या कुणी इलेक्ट्रिक रिक्षा, सौर पंप किंवा हवामान केंद्र बनवलं, तर त्याला हेच ज्ञान लागणार आहे. ते तयार मिळत नाही, साडेतीन हजारांच्या गाडीवर घाम गाळून मिळवावं लागतं.

यावर एक उत्तर असं मिळतं, की हे सगळं आता संगणकाच्या पडद्यावर करता येतं, मग हार्डवेअरचा खटाटोप कशाला? सिम्युलेटर उपयोगी आहे, तो वापरावाच. आयआयटी मुंबईचा ई-यंत्र प्रकल्प देशभरातल्या विद्यार्थ्यांकडून रोबोटिक्सचं काम करून घेतो, त्यात सिम्युलेशनही असतं. पण त्याच प्रकल्पाने महाविद्यालयांमध्ये रोबोटिक्सच्या प्रयोगशाळा उभ्या राहाव्यात म्हणूनही खटपट केली, प्राध्यापकांना प्रशिक्षण दिलं, खरे रोबो हाताळायला लावले. पडद्यावरच्या गाडीची वायर सैल होत नाही, चाकाला धूळ लागत नाही आणि दोन मोटारी अगदी जुळ्या असतात. अभियंत्याचं निम्मं काम या न जुळणाऱ्या गोष्टींशीच असतं.

टीकाकारांचं एक म्हणणं मात्र मान्य करायला हवं. प्रदर्शनातल्या पुष्कळ गाड्या मुलांनी बनवलेल्या नसतात. व्हिडिओ पाहून वायर जोडली, प्रोग्रॅम जसाच्या तसा टाकला, किंवा शहरातल्या दुकानातून शेवटच्या वर्षाचा प्रकल्प अहवालासकट विकत आणला. हा धंदा सगळ्या महाराष्ट्रात उघड चालतो. राज्य तंत्रशिक्षण मंडळाने पदविकेच्या विषयांमध्ये मायक्रो-प्रोजेक्ट आणला, तो हाताने काम व्हावं म्हणून. कित्येक ठिकाणी त्याचंही झेरॉक्स केलेल्या पानांत रूपांतर झालं. पण यावरून स्वस्त रोबोला दोष देणं म्हणजे कॉपी झाली म्हणून गणित विषय बंद करण्यासारखं आहे. दोष परीक्षेत आहे. परीक्षकाने गाडीची एक वायर उपटावी आणि विद्यार्थ्याला ती पुन्हा चालवायला सांगावं. प्रोग्रॅममधला एक आकडा बदलावा आणि काय होईल ते विचारावं. अर्ध्या तासात विकत घेतलेला प्रकल्प आणि बांधलेला प्रकल्प वेगळे होतात. स्वस्त, उघड्या अंगाच्या गाडीवर हे शक्य आहे. लाखभराच्या बंद पेटीतल्या यंत्राची वायर उपटायला कुणी हात लावू देणार नाही.

इथे पैशांचा मुद्दा येतो, आणि हा आक्षेप सगळ्यात जोरात मांडला जातो: खरं रोबोटिक्स महाग असतं, आधी निधी येऊ द्या. निधी आलेला आहे. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनने २०१६ पासून देशात दहा हजार अटल टिंकरिंग लॅब उभ्या केल्या. एका शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान मिळतं: दहा लाख उभारणीला आणि दहा लाख पाच वर्षांच्या चालू खर्चाला. २०२५ च्या अर्थसंकल्पात आणखी पन्नास हजार लॅब सरकारी शाळांसाठी जाहीर झाल्या. योजनेचा हेतू उत्तम आहे. प्रश्न आहे तो त्या पैशांतून काय येतं याचा. रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू हा छोटा बोर्ड २०२१ मध्ये पंधरा डॉलरला बाजारात आला. भारतात आयात आणि विक्रीचा खर्च धरून तो महागतो. तरी मेमरी कार्ड, कॅमेरा, मोटारी, ड्रायव्हर, सेन्सर आणि बॅटरी मिळून एक रोबो साडेतीन हजारांच्या आसपास उभा राहतो. दहा लाखांत असे २८५ रोबो होतात. थ्रीडी प्रिंटर, हत्यारं, मापनयंत्रं यांना त्यातले सहा लाख दिले तरी शंभरावर रोबो उरतात, म्हणजे दोन वर्गांतल्या प्रत्येकाला एक. त्याऐवजी काचेच्या कपाटात कुलूपबंद दोन चमकदार किट, पाहुणे आले की बाहेर काढायचे, असं चित्र जिथे असेल तिथे तो पैसा वाया गेला असं स्पष्ट म्हणावं.

स्वस्ताई किती टोकाला नेता येते, याचा एक दाखला जगाने पाहिला आहे. घानाच्या अशेसी विद्यापीठातल्या आयोर्कोर कोर्सा आणि कॅलिफोर्नियाचे केन गोल्डबर्ग यांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या आफ्रिकन रोबोटिक्स नेटवर्कने २०१२ मध्ये आवाहन केलं: शाळेसाठी दहा डॉलरचा रोबो बनवा. थायलंडमध्ये राहणाऱ्या थॉमस टिली यांनी व्हिडिओ गेमचा जुना कंट्रोलर घेतला, त्याच्या मोटारींना चाकं लावली आणि तोल साधायला वर दोन लॉलिपॉप खोचले. खर्च ८ डॉलर ९६ सेंट. त्याला बक्षीस मिळालं. या यंत्रावर मूल प्रोग्रॅमिंग शिकू शकतं, हेच महत्त्वाचं. महाराष्ट्रात ही परंपरा त्याआधीची आहे. अरविंद गुप्तांनी पुण्याच्या आयुकात कचऱ्यातल्या वस्तूंची वैज्ञानिक खेळणी मुलांच्या हाती दिली. डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरची जगातली पहिली फॅब लॅब, म्हणजे डिजिटल यंत्रांवर वस्तू बनवण्याची कार्यशाळा, २००२ मध्ये तिथेच उभी राहिली. जिथे पाऊस कमी आणि शेती कोरडवाहू, अशा शिरूर तालुक्यातल्या गावात हे होतं, तर रावेर, शिरपूर, साक्रीत ते अशक्य म्हणणं पटणारं नाही.

रास्पबेरी पायच्या जन्माची हकिकतही याच प्रश्नाशी जोडलेली आहे. केंब्रिजला संगणकशास्त्राच्या प्रवेशासाठी येणाऱ्या मुलांना प्रोग्रॅमिंगचा सराव कमी होत चालला आहे, हे इबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आलं. घरातला संगणक उघडून पाहण्याची सोय संपली होती. म्हणून मोडला तरी जीव जळणार नाही इतका स्वस्त संगणक त्यांनी बनवला. २९ फेब्रुवारी २०१२ ला तो ३५ डॉलरला आला. २०१५ मध्ये पाच डॉलरचा झीरो आला, तेव्हा तो एका मासिकाच्या मुखपृष्ठावर चिकटवून वाचकांना दिला गेला. याचा खान्देशासाठी अर्थ असा: ज्या घरात लॅपटॉप नाही पण टीव्ही आहे, तिथे हाच बोर्ड टीव्हीला जोडला की संगणक होतो. दिवसा रोबोचा मेंदू, रात्री अभ्यासाचं यंत्र. मोठा औद्योगिक रोबो आणून हे साधत नाही. इंग्रजीची अडचण असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे मराठी पाठ विनामूल्य आहेत.

एकाच कंपनीच्या बोर्डला मात्र अभ्यासक्रम बांधू नये. २०२१ ते २०२३ या काळात चिपटंचाईमुळे हे बोर्ड मिळेनासे झाले आणि भाव चढले. कॅमेरा नको असेल तर त्याच कंपनीचा, २०२१ मध्ये चार डॉलरला आलेला पिको किंवा दुसऱ्या कंपनीचा ईएसपी३२ हा छोटा बोर्डही पुरतो.

"हे सगळं परदेशी आहे, आपण नुसते जोडकाम करणार" हा आक्षेप जळगावात तरी कुणी घेऊ नये. ठिबक सिंचन इस्राएलमध्ये सिम्खा ब्लास यांनी घडवलं आणि तिथल्या किबुत्झमधून ते जगभर गेलं. जळगावने ते घेतलं, इथल्या पिकांना बसवलं, आणि आज ठिबक म्हटलं की देशाला जळगाव आठवतं. ग्रँड नैन ही केळीही बाहेरचीच. ऊतिसंवर्धित रोपांनी ती इथे रुजली आणि जळगावच्या केळीला पुढे भौगोलिक मानांकन मिळालं. जैन इरिगेशनचे संस्थापक भवरलाल जैन यांनी १९६३ मध्ये सात हजार रुपयांवर रॉकेलचा धंदा सुरू केला, १९७८ मध्ये केळीच्या भुकटीचा बंद पडलेला कारखाना घेऊन त्यात पपईपासून पेपेन काढलं. विप्रोची मूळ कंपनी १९४५ मध्ये अमळनेरात वनस्पती तूप बनवण्यासाठी निघाली. बाहेरून आलेली गोष्ट हाताळायची, मोडायची, आपली करायची, ही या भागाची रीत आहे. स्वदेशीचा आग्रह खरा असेल तर सी-डॅकने बनवलेला वेगा मालिकेतला थेजस३२ आणि त्यावरचा एरीज बोर्ड मुलांच्या हाती द्यावा. तोही वापरायचा तर मोटार, सेन्सर आणि ग्राउंडचं ज्ञान हेच लागेल.

उलट बाजूनेही एक खोटं पसरवलं जातं, आणि त्याचाही प्रतिवाद हवा. रोबो केळीच्या बागेत काम करतील, मजूर लागणार नाहीत, असं सांगून किट विकले जातात. घड निसवल्यावर केळफूल कापणं, घडावर फवारणी, स्कर्टिंग बॅग चढवणं, वाऱ्याआधी झाडाला आधार देणं ही कामं साडेतीन हजारांची गाडी करणार नाही. पहिल्या पावसात काळ्या चिकट मातीत तिचे प्लास्टिकचे गिअर तुटतील. ही गाडी शिकण्यासाठी आहे, आणि तसंच तिच्याबद्दल बोलावं. पण २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेने शेतकरी आणि शेतमजुरांचे जीव गेले, हे विसरता येत नाही. माणसाला विषाच्या तुषारापासून दूर ठेवणारं यंत्र धुळे-जळगावच्या कपाशीलाही हवं आहे. ते बनवणारा माणूस कधीतरी लहान गाडीवर हात बसवूनच तयार होणार. रात्रीच्या पाळीत वीज येते म्हणून मोबाइलवरून पंप चालू करणारं ऑटो स्टार्टर शेतकऱ्यांनी केव्हाच स्वीकारलं आहे. त्यातही सेन्सर, रिले आणि प्रोग्रॅमच आहेत.

शिकवणारी माणसंही इथे आहेत, फक्त ती महाविद्यालयाच्या आत नाहीत. जळगावच्या गोलाणी मार्केटमधला मोबाइल दुरुस्त करणारा तरुण भिंगाखाली जे सोल्डरिंग करतो ते कित्येक पदवीधरांना जमत नाही. धुळ्याच्या अवधान औद्योगिक वसाहतीतला मोटार रिवाइंडिंगवाला तारेचा जळका वास घेऊन दोष सांगतो. त्यांना महिन्यातून एक दिवस मानधन देऊन वर्गात बोलवायला कोणत्याही नियमाची आडकाठी नसावी.

त्यामुळे प्राचार्य आणि विभागप्रमुखांना विनंती आहे, की येत्या सत्राच्या खरेदी यादीत एक महाग यंत्र कमी करावं आणि दुसऱ्या वर्षाच्या प्रत्येक दोन विद्यार्थ्यांमागे सुट्ट्या भागांचा एक संच घ्यावा. तो घरी नेऊ द्यावा. जळलेल्या भागांचा दंड विद्यार्थ्याकडून घेऊ नये, त्यासाठी वेगळी तरतूद ठेवावी. तोंडी परीक्षेत बिघाड शोधण्याला अहवालापेक्षा जास्त गुण द्यावेत. आणि भुसावळच्या रेल्वे लोको शेडमधून, वरणगावच्या आयुध निर्माणीतून, दीपनगरच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेल्या तंत्रज्ञांनी आपल्या जवळच्या शाळेत किंवा तंत्रनिकेतनात आठवड्याचे दोन तास द्यावेत. मल्टिमीटर कसा धरायचा, हे मुलांना दाखवणारं कुणीतरी हवं आहे.